हिरव्या पतंगासाठी जांभळा दिवा: पॉवर बँकेवर चालणाऱ्या मॉथ-संचाचं परीक्षण

रात्री पतंग (मॉथ, म्हणजे फुलपाखरांसारखे बहुधा रात्री उडणारे कीटक) बघण्याची रीत जुनी आणि साधी आहे. अंधाऱ्या जागी पांढरं कापड ताणायचं, त्याच्यापुढे दिवा टांगायचा आणि वाट बघायची. पूर्वी दिवा म्हणजे १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, आणि त्याच्यामागे प्लग पॉइंट, लांबलचक एक्स्टेन्शन, सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. आता पाच व्होल्टवर चालणारे यूव्ही, म्हणजे अतिनील उजेडाच्या, एलईडीचे तयार संच ऑनलाइन मिळतात. एकाच घडणीचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, म्हणून इथे नाव न घेता त्या घडणीचंच परीक्षण केलं आहे. खोक्यात सहा एलईडींचा दिवा, दोन मीटरची यूएसबी केबल, पाच बाय चार फुटांचं पॉलिएस्टरचं कापड, दोरी, चार चिमटे आणि पतंगांची ओळख सांगणारं एक लॅमिनेटेड कार्ड असतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. दिवा तपासून घेतलात तर कामाचा आहे. कापड आणि केबल बदलावी लागते. कार्डावर विसंबू नये.

आता कसोटी कोणती लावली ते. बहुतेक परीक्षणांत ‘पहिल्याच रात्री इतके पतंग आले’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून दिव्याचं काहीच कळत नाही, कारण दांडगे हॉक मॉथ जिन्यातल्या ट्यूबलाइटवरही येतात. म्हणून इथे कसोटीला थॅलासोडेस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घेतली आहे. हे जिओमेट्रिडी कुळातले हिरवे पतंग. या कुळातल्या अळीला पोटाखाली मागच्या बाजूला पायांच्या दोनच जोड्या असतात, त्यामुळे ती वीत घालत, मधली पाठ उचलत चालते. शेतकरी अशा चालीच्या अळीला उंटअळी म्हणतात. थॅलासोडेसची अळी आंबा, लिची अशा झाडांच्या कोवळ्या पालवीवर वाढते. सडपातळ, काडीसारखी, डोक्यावर दोन टोकं. देठाला तिरकी चिकटून बसली की देठच वाटते. आंबा मुंबईत कुठे नाही? दादर-पार्ल्याच्या जुन्या वाड्यांत आहे, गोरेगाव-मुलुंडच्या सोसायट्यांत आहे, चर्चच्या आवारांत आहे. पावसाळ्यानंतर आंब्याला तांबूस पालवी फुटली की त्या झाडाजवळच्या भिंतीवर दिव्याखाली बघावं.

पतंग साधारण तीन ते चार सेंटिमीटर रुंद. चारही पंख भिंतीला सपाट चिकटवून बसतो. पंख पातळ, किंचित निळसर झाक असलेले हिरवे, आणि जवळून पाहिलं तर त्यावर फिक्या बारीक रेघोट्यांची जाळी दिसते, पानाच्या शिरा उन्हात धराव्यात तशी. पुढच्या पंखावर दोन, मागच्यावर एक अशा पांढुरक्या, दोऱ्याइतक्या बारीक रेषा. मागच्या पंखाची कड मध्यावर कोन करून बाहेर येते. पुढच्या पंखाची वरची कड पिवळसर. एवढ्याच खुणा. दिवा चुकीचा असला की त्यातल्या निम्म्या नाहीशा होतात, आणि म्हणूनच ही कसोटी खरी.

दिव्यापासून सुरुवात करू. खोक्यावर ३६५ नॅनोमीटर लिहिलेलं असतं. ही उजेडाची तरंगलांबी. त्यावर विश्वास ठेवू नका, घरी तपासा. ३९५ नॅनोमीटरचे एलईडी स्वस्त पडतात आणि पुष्कळदा तेच ३६५ म्हणून बसवले जातात. पतंगांच्या डोळ्यांना अतिनील भाग चांगला दिसतो, त्यामुळे ३६५ जास्त उपयोगी. आपल्या डोळ्यांना मात्र नेमकं उलटं भासतं: ३९५ झगझगीत जांभळा दिसतो आणि ३६५ मंद, राखाडी-जांभळट. ‘हा दिवा फारच मिणमिणता आहे’ म्हणून लोक चांगला नग परत करतात आणि भडक जांभळा ठेवून घेतात.

तपासायची सोपी रीत अशी. खोली पूर्ण काळोखी करा. चलनी नोट दिव्यासमोर वीतभर अंतरावर धरा. नोटेच्या क्रमांकाची शाई फ्लुओरोसंट असते आणि कागदात चमकणारे तंतू असतात. दिवा खरोखर ३६५ च्या आसपासचा असेल तर कागद काळपट राहतो आणि आकडे व तंतू त्यातून ठळक उजळतात. ३९५ चा असेल तर अख्खी नोट जांभळी होते आणि चमक त्या जांभळ्यात बुडून जाते. सहाही एलईडी एकेक करून बघा, बाकीचे काळ्या चिकटपट्टीने झाकून. काही नगांत तीन एक जातीचे, तीन दुसऱ्या जातीचे निघतात. असा मिश्र दिवा टाकाऊ नाही, पण त्याची किंमत पूर्ण देऊ नये. ही तपासणी माल परत करण्याची मुदत संपायच्या आत झाली पाहिजे.

एक काळजी महत्त्वाची आहे. ३६५ चा उजेड कमी दिसतो म्हणून डोळ्याची बाहुली मोठीच राहते आणि अतिनील किरण आत जास्त जातात. दिव्याकडे थेट बघू नका. यूव्ही-४०० लिहिलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा लावा. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी चष्मे द्या, मग दिवा लावा.

आता वीज. दिवा दीड अँपिअर घेतो, म्हणजे साडेसात वॅट. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात १०,००० एमएएच असतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. पाच व्होल्टला मिळणारा खरा आकडा मागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दिलेला असतो, साधारण ६,००० च्या आसपास. हिशोब केला तर ३० वॅट-तास, म्हणजे दिवा चार तास. संध्याकाळी सात ते अकरा एवढ्याला हे नेमकं पुरतं. २०,००० ची असेल तर फोनही चार्ज होतो.

संचातली केबल ही मात्र खरी अडचण. तिच्या आतली तार केसासारखी बारीक आहे. दोन मीटर जायला आणि दोन मीटर यायला, अशी चार मीटर बारीक तार दीड अँपिअरला एक व्होल्टच्या वर खाऊन टाकते. पाच व्होल्ट निघाले, दिव्याला चारही पोचत नाहीत, आणि दिवा अर्ध्या तेजावर जळतो. लोक दिव्याला दोष देतात. दिवा ठीक असतो. अर्ध्या मीटरची जाड केबल घ्या आणि पॉवर बँक दिव्याजवळच दोरीला टांगा. लांबच हवी असेल तर लॅमिंग्टन रोडला २२ गेजची दोन पदरी तार घेऊन दोन्ही टोकांना यूएसबी कनेक्टर सोल्डर करून घ्या. तेवढ्याच अंतरात तूट पाव-तिहाई व्होल्टवर येते. पावसाळ्यात पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड खाली ठेवा, पण गच्च बांधू नका. ती तापते, आणि आतल्या दमट हवेचं पाणी होऊन पोर्टमध्ये उतरतं. दिव्याच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवरही काही गुंडाळू नका. उष्णता निघायची वाट तीच आहे.

कापडावर जास्त लिहायला हवं, कारण विकणारे सगळा भर दिव्यावर देतात. संचातलं पॉलिएस्टर चकचकीत पांढरं आहे. त्या पांढरेपणासाठी कापडाला चमक आणणारी रसायनं लावलेली असतात. ती अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. दिवा लावला की कापड निळं पेटल्यासारखं दिसतं. बघायला छान, पण ज्या किरणांसाठी पैसे मोजले ते कापडातच जिरतात. शिवाय पॉलिएस्टर गुळगुळीत. मोठे पतंग कसेबसे टिकतात, हलक्या पंखांचे जिओमेट्रिड वाऱ्याच्या झुळकीला सुटून जातात.

त्याऐवजी मंगलदास मार्केटमध्ये किंवा जवळच्या कापडाच्या दुकानात कोरं मांजरपाट मागा. ब्लीच न केलेलं, मोठ्या पन्ह्याचं, तीन मीटर. रंग किंचित पिवळट असतो, तो तसाच हवा. नवीन मांजरपाटाला खळ असते. एक रात्र साध्या पाण्यात भिजवून दोनदा खळबळून काढा, म्हणजे धाग्याची लव मोकळी होते आणि पतंगाच्या नख्या रुततात. नीळ घालू नका, कपडे उजळ करणारी पावडर तर मुळीच नको. एका धुण्यात ते कापड पुन्हा पॉलिएस्टरसारखं निळं चमकायला लागेल. वरच्या कडेला नेफा शिवून त्यात दोरी ओवा. दीड-दोन मीटर उभं टांगा आणि उरलेलं जमिनीवर पुढे पसरू द्या. त्या जमिनीवरच्या भागाकडे दुर्लक्ष केलं तर निम्मे पतंग पायाखाली जातील.

दिवा कुठे टांगायचा यावर संचाचं माहितीपत्रक ‘जमिनीवर ठेवला तरी चालेल’ म्हणतं. चालत नाही. उडणारे कीटक आकाशाच्या उजेडाकडे पाठ करून स्वतःला सरळ ठेवतात, हे २०२४ मध्ये फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून दाखवलं. दिवा खाली असला की कीटक त्याच्यावरून जाताना पाठ खाली करतो, म्हणजे उलटा होतो आणि कोसळतो. जमिनीवर ठेवलेल्या दिव्याभोवती फडफडणारे, पंखांचे खवले झडलेले पतंग दिसतात ते यामुळे. हिरव्या पतंगाचे खवले झडले की ओळखायला उरतं काय? दिवा छातीच्या उंचीवर, कापडापासून दीड-दोन वीत पुढे टांगा.

आणि थॅलासोडेस शोधताना कापडाच्या मध्यभागी बघत बसू नका. जिओमेट्रिड पतंगांची खोड अशी की उजेडाकडे येतात, पण झोतात बसत नाहीत. कापडाच्या कडा, मागची बाजू, दोरी बांधलेलं खोड, शेजारची भिंत आणि चार-पाच मीटरवरच्या झुडपांतल्या पानांच्या खालच्या बाजू, ही त्यांची जागा. दर वीस मिनिटांनी साध्या टॉर्चने एक फेरी मारा. कापडावर काहीच नाही म्हणून दिवा बंद करणाऱ्यांच्या पाठीमागच्या करंजाच्या पानाखाली हिरवा पतंग बसलेला असू शकतो. भिंतीवर पालींचाही पहारा असतो, त्यामुळे इमारतीच्या भिंतीला लागून कापड बांधण्यापेक्षा दोन हात सोडून बांधा.

फोटो काढायला गेलं की संचाचा सगळ्यात मोठा उणेपणा उघडा पडतो: त्यात पांढरा दिवा नाहीच. जांभळ्या उजेडात हिरवा पतंग फोनच्या कॅमेऱ्याला राखाडी-निळा दिसतो. फोन स्वतःहून रंग सुधारायला जातो आणि पिवळट करतो. दोन्हीतला एकही रंग पतंगाचा नाही. संचातल्या कापडाला पांढरं धरून व्हाइट बॅलन्स घेतला तर आणखी बिघडतं, कारण कापड स्वतःच निळा उजेड टाकतं. म्हणून पतंगाजवळ गेल्यावर यूव्ही दिव्यावर टोपी घाला किंवा तो बंद करा. ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला छोटा टॉर्च घ्या आणि त्याच्या तोंडावर बटर पेपरचे दोन थर रबरबँडने बसवा, म्हणजे पंखावर चमक पडत नाही. फोन प्रो मोडमध्ये, व्हाइट बॅलन्स ५,००० ते ५,५०० केल्विन, शटर १/१२५, आयएसओ ८०० च्या आत. पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड आणि मिलिमीटरची पट्टी पतंगाशेजारी धरा.

किमान चार फोटो हवेत. एक बरोबर वरून, चारही पंख फोकसमध्ये. दुसरा मागच्या पंखाच्या कोनाचा. तिसरा समोरून, चेहऱ्याचा, डोळ्यांमधल्या पट्टीचा रंग दिसेल असा. चौथा मिशांचा, नराच्या मिशा फणीसारख्या दोन्ही बाजूंनी दातेरी, टोकाकडे साध्या, मादीच्या दोऱ्यासारख्या. पंखांची खालची बाजू मिळाली तर पाचवा. भिजलेल्या पतंगाचा फोटो रंगासाठी ग्राह्य धरू नका. या हिरव्या पतंगांचा रंग ओलाव्याने उतरतो आणि पिवळा-तपकिरी होतो. जुलैच्या रात्री कापडावर सापडलेला फिकट पिवळट पतंग मुळात हिरवा असू शकतो, आणि संग्रहालयातले जुने नमुने फिके दिसतात त्यामागेही हाच नाजूकपणा आहे.

आता ते कार्ड. त्यावर एका हिरव्या पतंगाचा फोटो आहे आणि खाली ‘थॅलासोडेस क्वाड्रारिया’ असं ठामपणे छापलेलं आहे. हे छापायला नको होतं. फ्रेंच अभ्यासक आशिल गेने यांनी एकोणिसाव्या शतकात थॅलासोडेस ही प्रजाती मांडली, आणि त्यानंतर असे दिसणारे सगळे पतंग तिच्यातच टाकले जात. १९९६ मध्ये बोर्निओच्या पतंगांवर काम करताना जेरेमी हॉलोवे यांनी त्यातून पेलागोडेस आणि ओरोथॅलासोडेस या दोन प्रजाती वेगळ्या काढल्या, त्याही मुख्यतः जननांगांच्या रचनेवरून. वरून बघायला तिघी सख्ख्या बहिणी. सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचा शेवटचा भाग सोडवून पाहिल्याशिवाय जातीचं नाव देता येत नाही. फोटोवरून ‘थॅलासोडेस गट’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकतानाही ॲपने सुचवलेलं जातीचं नाव आंधळेपणाने निवडू नका. वरच्या पातळीवर थांबा. चुकीच्या जातीची एक नोंद पुढच्या दहा जणांना तीच चूक सुचवते.

मुंबईपुरतं सांगायचं तर ही गोष्ट नवी नाही. १८८३ मध्ये इथे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याबरोबर कर्नल स्विनहो होते. स्विनहो यांनी १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची यादी छापली. हॅम्पसन यांच्या भारतातल्या पतंगांवरच्या ग्रंथमालेतल्या १८९५ च्या खंडात भारतातले जिओमेट्रिड एकत्र आले. दोन्ही आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण त्यातली नावं आजच्या नोंदीला जशीच्या तशी उचलू नयेत. रोजच्या कामाला ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ बरं. तिथे फोटो जातीनिहाय लावलेले असतात आणि नाव पक्कं करण्याआधी तुलना करता येते. मग छापील कार्डाची गरज राहत नाही.

कार्डावर गफलतीचं आणखी एक कारण आहे. सगळे हिरवे जिओमेट्रिड एकाच रांगेत ‘एमराल्ड’ म्हणून लावले आहेत. अगाथियाच्या हिरव्या पंखांवर तपकिरी पट्टे आणि किनार असते, कोमिबेनाच्या पंखांच्या कोपऱ्यांत डाग असतात, कोमोस्टोला चिमुकला आणि ठिपकेदार. ही तिन्ही साध्या डोळ्यांनी वेगळी काढता येतात, आणि नवशिक्याला सुरुवात तिथूनच करून द्यायला हवी होती.

जागा आणि वेळ. अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच रात्री, वारा पडलेला, हवा दमट, पाऊस नुकताच थांबलेला. जूनच्या पहिल्या सरींनंतर आणि पुन्हा ऑक्टोबरात. पौर्णिमेला, किंवा रस्त्याच्या एलईडी खांबापासून वीस पावलांवर, साडेसात वॅटचा दिवा फिका पडतो. त्यात संचाचा दोष नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि तिथला एकही कीटक उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आरे आणि फिल्म सिटीच्या बाजूला बिबट्यांचा वावर आहे. एकट्याने दिवा लावून फोनमध्ये डोकं घालून बसण्याची ती जागा नव्हे. चौघं तरी असा आणि एकाचं लक्ष सतत आजूबाजूला असू द्या. सोसायटीच्या आवारात आंब्याखाली लावणार असाल तर वॉचमनदादांना आधी सांगून ठेवा. जांभळा उजेड बघून लोक घाबरतात.

दिवा तपासून खरा निघाला तर दोन हजारांच्या आसपासची किंमत रास्त आहे. त्यापुढे मांजरपाट, जाड केबल, चष्मा आणि टॉर्च यांचा खर्च धरूनच मागवा. हे चार जिन्नस घरात असतील तर विकणाऱ्याला नुसता दिवा देतो का विचारा. पुष्कळ जण देतात. मर्क्युरी बल्बाच्या तुलनेत पतंगांची गर्दी कमी होते. पण घामाघूम करणारी धग नसते, बल्बावर पावसाचा थेंब पडून काच तडकायची भीती नसते, आणि जिओमेट्रिडसारखे झोताला बिचकणारे पतंग मंद उजेडाजवळ निवांत बसतात. त्यांच्यासाठी हा सौदा चांगला.

दिवा अकराला बंद करा, रात्रभर ठेवू नका. सकाळी दयाळ आणि कोतवाल कापडावर बसलेले पतंग टिपून नेतात आणि पालवीवर अंडी घालायला निघालेली मादी तिथेच संपते. दिवा विझवल्यावर दहा मिनिटं अंधार राहू द्या, बरेचसे आपणहून उडतात. उरलेल्या पतंगांसाठी कापड झुडपाच्या आडोशाला नेऊन हलक्या हाताने झटका. नेफ्यात, घडीत आणि चिमट्यांखाली एकदा टॉर्च फिरवून बघा. हिरवे जिओमेट्रिड सपाट असतात आणि घडीत चिरडले तर कळतही नाही. मग कापड न गुंडाळता दोरीवर वाळत टाका. ओलं घडी करून ठेवलं तर मुंबईच्या हवेत दोन दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि पुढच्या वेळी प्रत्येक ठिपका पतंग वाटतो.